तिसरी क्लॅरिनेट

ओडेगार्ड सर शिकवायचे शाळेच्या तळघरात,
बॉयलरला लागून असलेल्या खोलीत.
वर जिम. बास्केटबॉलची धपधप छतातून गळायची
आणि सर म्हणायचे, तो आपला ड्रम नव्हे,
त्याच्या नादी लागू नका.

होव्हलंड गावात वाजवणारी मुलं तेवीस.
ट्यूबा एकच, तिलाही पोचा आलेला.
ती वाजवणारा मिलो श्विंट बीटच्या काढणीत
महिनाभर यायचाच नाही,
मग त्याच्या जागा सर स्वतः भरायचे,
ओठ मिटून, खर्जात.

मी तिसरी क्लॅरिनेट. म्हणजे
जिच्यावाचून कुणाचंच अडत नाही ती.
शेजारी लव्हर्न टॉफ्ट, तिचा सूर
माझ्याहून केसभर चढा.
सर छडी खाली ठेवायचे. "दोघीच. लांब धरा."
आम्ही धरायचो,
आणि दोन सुरांच्या मध्ये काहीतरी हिंदकळू लागायचं,
अर्धी बादली घेऊन अंगणातून चालावं तसं,
वँव, वँव, वँव.
"एकमेकींकडे बघू नका. त्या लाटेकडे कान द्या.
लांबू दे तिला. अजून."
लाट लांबायची, चपटी व्हायची,
आणि अचानक खोलीत एकच क्लॅरिनेट उरायची,
कुणाचीच नसलेली.

तेवढ्यात सरांचा हात आडवा. बस्स.

दर वेळी हेच. जुळलं की थांबा.
आम्हाला वाटे, नॉर्वेजियन माणूस,
सुखसुद्धा काटकसरीनं वापरतो.

सत्तावन्न सालचा मार्च. फार्गोची स्पर्धा,
आमचा नंबर सांगण्यासारखा नव्हता.
बाबा गाईच्या वेतामुळे अडकलेले,
म्हणून मला घरी सोडायला सर निघाले.
हीटर बंद. काचेवर बर्फ, वायपर कण्हत होते.
वीस मैल कुणीच बोललं नाही.
मग मी काही विचारलं नसताना:

"विमानात मी दोन्ही वैमानिकांच्या मागे उभा असायचो.
इंजिनं चार. एखादं जरा मागेपुढे झालं
की सगळं धूड वँव वँव करायचं, दाढांत कळायचं.
मी पियानो लावायचो ना गावात,
म्हणून ते जुळवणं माझ्याकडे.

"एकदा चौथं गेलं.
जाताना मागची दोन पोरं घेऊन गेलं.
कमिन्स्की, आणि तो धाकटा रूस,
ज्याला दाढीसुद्धा नीट येत नव्हती.
खाली समुद्र. दोन तास.
मला काय करता येणार होतं? पुढ्यात तीन लिव्हर.
मी ती तिन्ही जुळवली.
अशी जुळली, अर्डिस, की"

स्टिअरिंगवरचा एक हात हवेत आडवा झाला,
आणि तिथेच राहिला.

"आणि मी ऐकत बसलो," ते म्हणाले.
"दोन तास."

आमच्या गोठ्याचा दिवा दिसू लागला.
गाडी थांबली तेव्हा म्हणाले, रीड बदल,
नाताळपासून तीच तोंडात घालते आहेस.

मी कुणाला सांगितलं नाही.
लव्हर्नला नाही, आईला नाही, पुढे नवऱ्यालाही नाही.
सर अजून चोवीस वर्षं शिकवत राहिले,
त्यांच्यावर पोरांनी नकला बसवल्या,
आडव्या हाताची नकल सगळ्यांना यायची.
मी हसायची. थोडं उशिरा.

त्यांना पुरलं तो दिवस वाऱ्याचा होता.
नव्या बाईंनी अकरा मुलं आणलेली, बोटं गारठलेली.
शेवटचा सूर त्यांनी लांब धरला
आणि तो जुळेना.
दोन क्लॅरिनेटच्या मध्ये ती लाट,
मोकळ्या शवपेटीच्या दोऱ्यांवरून,
आमच्या टोप्यांवरून, नांगरलेल्या काळ्या रानावर,
वँव, वँव.

"सरांनी हे चालवून घेतलं नसतं,"
मिलो श्विंट कानाशी पुटपुटला.

मी त्याचा कोट धरला.
म्हटलं, गप्प राहा.
अजून वाजतंय.